नावं खरवडू नका

आमच्या घरी दुधाच्या चिठ्ठ्या लगेच फेकत नाहीत. गोठ्याच्या दाराला एक तार आहे. आई तिला रोजच्या दोन चिठ्ठ्या टोचून ठेवते, एक सकाळची आणि एक संध्याकाळची. दहा दिवसांचं बिल आलं की तार उतरवायची, बेरीज जुळवायची, आणि मग ती चिठ्ठ्यांची माळ चुलीत जाते. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला घरी गेलो होतो तेव्हा आईने त्यातल्या दोन चिठ्ठ्या काढून माझ्यासमोर ठेवल्या.

"ह्या दिवशी फॅट चार. ह्या दिवशी चार पॉइंट एक. मग दर दोन्हीला सारखाच कसा?"

मी बघितलं. एसएनएफ दोन्हीकडे ८.५, लिटर तेवढेच, दरही तेवढाच. म्हटलं, "छापताना चुकलं असंल."

"रोज कसं चुकंल? चार पॉइंट दोन लागलं की वाढतोय की दर. ह्या एकालाच वाढत नाही. मी महिनाभर बघतेय."

तेव्हा एका पॉइंटला ३० पैसे होते. बारा लिटर दूध घातलं तर एका वेळचे तीन रुपये साठ पैसे. आमचं घर यामुळे बुडणार नव्हतं. पण संस्थेत दूध घालणारी घरं बरीच होती आणि तार सगळ्यांच्याच दाराला नव्हती.

मी सेंटरवर गेलो. सचिव ओळखीचे आहेत, मला लहानपणापासून नावाने हाक मारतात. ते म्हणाले, "अरे, मशीन सांगतंय तेवढं आपण देतो. आपल्या हातात काय आहे?" मशीन बरोबरच सांगत होतं, चिठ्ठीवर ४.१ स्वच्छ छापलं होतं. गडबड त्यापुढे, दर लावणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये होती. त्या कॉम्प्युटरवर एकच प्रोग्राम चालायचा. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका माणसाने तो साधारण २००९ मध्ये लिहून दिला होता. त्याचं दुकान केव्हाच बंद झालं होतं आणि फोन लागत नव्हता. सोर्स कोड कुणाकडेच नव्हता. डेस्कटॉपवर एक एक्झी फाइल होती, आणि त्या फाइलवर अख्ख्या गावाचा दुधाचा हिशेब चालला होता.

मी २८ वर्षांचा आहे. इंजिनिअरिंग करून पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. माझ्या व्यवसायातली एक सवय मोडावी म्हणून हा लेख लिहितोय. वाचताना ती फार तांत्रिक वाटेल, पण तिची झळ आईच्या तारेपर्यंत पोहोचते.

वही आणि ती फाडण्याची रीत

प्रोग्राम लिहिताना आम्ही प्रत्येक गोष्टीला नाव देतो: उत्पादक, दरपत्रक, पावती. वस्तूच्या अशा प्रत्येक प्रकाराला आम्ही टाइप म्हणतो. 'पावती' या टाइपच्या वस्तूत काय असतं? आधी तारीख, मग लिटर, मग फॅट, मग दर. कंपायलर हा सगळा मजकूर मशीनच्या भाषेत उतरवतो, आणि मशीनला नावाशी काही घेणं नसतं. अमुक पत्त्यापासून सोळा घरं पुढे जा आणि तिथली संख्या उचल, एवढं त्याला पुरतं. 'फॅट' हा शब्द तिथे उरत नाही, फक्त सोळा हा आकडा उरतो.

पण प्रोग्राम बिघडतो, आणि बिघडला की शोधायला माणूस बसतो. माणसाला नावं लागतात. म्हणून सांगितलं तर कंपायलर सोबत एक वही बनवून देतो. कुठल्या टाइपचं नाव काय, त्यात किती घरं, कुठल्या घरात काय, कुठला पत्ता सोर्सच्या कितव्या ओळीतून आला, हे सगळं त्या वहीत असतं. यालाच डिबगिंग सिंबॉल्स म्हणतात. लिनक्सच्या जगात ही वही बहुतेक वेळा डीवॉर्फ नावाच्या पद्धतीने लिहितात आणि ती प्रोग्रामच्या फाइलमध्येच असते. विंडोजवर तिची वेगळी पीडीबी फाइल होते.

आणि मग प्रोग्राम गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी आम्ही ती वही काढून टाकतो. त्यासाठी स्ट्रिप नावाची कमांडच आहे. इतकी साधी गोष्ट आहे की तिच्यावर कुणी मीटिंग घेत नाही.

लग्नात मिळालेल्या भांड्यांवर नाव आणि तारीख कोरलेली असते. गावजेवणाला पन्नास घरांची पातेली एकत्र येतात आणि दुसऱ्या दिवशी त्या नावांवरून आपापल्या घरी परत जातात. नाव खरवडून काढलं तरी पातेल्यात आमटी पूर्वीसारखीच शिजते. फक्त पातेलं कुणाचं ते सांगता येत नाही, आणि मग ज्याच्या हातात असेल त्याचंच ते होऊन बसतं. स्ट्रिप केलेल्या प्रोग्रामचंही तसंच आहे. तो चालतो, फक्त तो लिहिणाऱ्याशिवाय कुणालाच त्याला जाब विचारता येत नाही. लिहिणारा निघून गेला असेल, तर मुळीच कुणाला नाही.

पोटात उरलेली तीन नावं

मी ती एक्झी पेनड्राइव्हवर घेतली आणि घरी लॅपटॉपवर घिद्रामध्ये उघडली. घिद्रा हे अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २०१९ मध्ये सगळ्यांसाठी मोफत खुलं केलेलं साधन. मशीनच्या भाषेतून माणसाला वाचता येईल असं काहीतरी परत काढायचा प्रयत्न ते करतं. समोर हजारो फंक्शन्स आली, आणि प्रत्येकाचं नाव म्हणजे त्याचा पत्ता. हजारो घरांचं गाव, आणि एकाही दारावर पाटी नाही.

पीडीबी नव्हती. गंमत म्हणजे ती कुठे होती, ते मात्र लिहिलेलं होतं. विंडोजच्या एक्झीत बऱ्याचदा तो मार्ग राहून जातो. डी ड्राइव्ह, त्यात 'दूध' नावाचं फोल्डर, त्यात 'फायनल', त्यात 'फायनल टू'. घराचा पूर्ण पत्ता हातात, आणि घर पाडून पंधरा वर्षं झालेली.

मग मी दुसरी जागा बघितली. प्रोग्राम चालू असताना, समोरची वस्तू नेमकी कुठल्या टाइपची आहे हे कधी कधी त्याला स्वतःलाच विचारावं लागतं. म्हणून सी प्लस प्लसचा कंपायलर काही टाइपची नावं, म्हणजे ज्यांच्यात व्हर्च्युअल फंक्शन्स असतात त्यांची, प्रोग्रामच्या पोटातच ठेवतो. याला आरटीटीआय म्हणतात. ही नावं वहीत नसतात, ती प्रोग्रामचाच अवयव असतात. त्यामुळे वही काढून टाकली तरी ती राहतात. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची क्लासचं नाव लिहायची तऱ्हा ठरलेली आहे: आधी टिंब, मग प्रश्नचिन्ह, मग ए, मग व्ही, मग नाव आणि शेवटी दोन ॲट चिन्हं. लिनक्सवरचा जीसीसी नावाआधी त्यातली अक्षरं मोजून आकडा लिहितो. तऱ्हा माहीत असली की फाइलमधून ही नावं चाळून काढता येतात.

शंभरेक नावं निघाली. बहुतेक मायक्रोसॉफ्टच्या तयार लायब्ररीतली: सीडायलॉग, सीविनॲप, असली. त्यांच्या मधोमध तीन नावं होती: सीउत्पादक, सीदूधपावती, सीदरपत्रक.

पुढचं सी अक्षर म्हणजे त्या काळच्या विंडोज प्रोग्रामरांचा रिवाज. पण त्यामागचा शब्द आमच्या गावचा होता. ज्याला मी दोन दिवस मनातल्या मनात शिव्या देत होतो, त्या माणसाने लिपी इंग्रजी वापरली होती, पण विचार मराठीत केला होता. रेटचार्ट लिहिणं त्याला सहज जमलं असतं. त्याने दरपत्रक लिहिलं, कारण सेंटरच्या भिंतीवर दरपत्रकच लावलेलं असतं. मी लॅपटॉप फिरवून आईला दाखवलं. तिने एकेक अक्षर लावत वाचलं आणि म्हणाली, "म्हंजे हे आपलंच आहे की."

नावापासून पुढचा रस्ता ठरलेला असतो. नावाकडे बोट दाखवणारी एक नोंद असते, तिच्याकडे बोट दाखवणारी दुसरी, आणि त्या दुसरीपासून व्हीटेबल सापडतं. व्हीटेबल म्हणजे त्या टाइपच्या व्हर्च्युअल फंक्शन्सच्या पत्त्यांची यादी. हजारो फंक्शन्सच्या गावातून मी सीदरपत्रकाच्या नऊ दारांवर आलो. सातव्या दारामागे चूक होती.

त्या माणसाने फॅटला १०० ने गुणलं होतं, त्याचा पूर्णांक केला होता, आणि त्याला १० ने भागून तक्त्यातली ओळ काढली होती. कागदावर यात काहीच चूक नाही. पण कॉम्प्युटर अपूर्णांक दोनच्या पटीत साठवतो. त्या मापात ४.१ नेमका बसत नाही, जे साठतं ते ४.१ पेक्षा केसभर कमी असतं. १०० ने गुणल्यावर ४१० ऐवजी ४०९.९९९९९९९९९९९९९४ येतं. पूर्णांक करताना टिंबापुढचं सगळं कापलं जातं आणि उरतात ४०९. तक्त्यात चाळिसावी ओळ लागते, म्हणजे फॅट ४.० चा दर. ४.२ केसभर जास्त साठतो, म्हणून तो वाचतो. ४.६ सापडतो, ५.१ सापडतो. एसएनएफच्या ८.२ चीही तीच गत.

चोरी कुणीच केली नव्हती. पूर्णांक करण्याआधी ०.५ मिळवायचं एक माणूस विसरला होता. मीही विसरलो असतो. पण त्याच्या विसरण्याची किंमत तो सोडून सगळे भरत होते. आणि ती चूक सापडली ती त्याने चुकून मागे ठेवलेल्या तीन नावांमुळे. मला तीन संध्याकाळी लागल्या. वही असती तर अर्ध्या तासात भागलं असतं. ही तीन नावंही नसती तर दिवाळीची सुट्टी संपली असती आणि मी आईला सांगितलं असतं की काही कळत नाही.

जिथे नावं बाहेर आली

हे एका गावापुरतं आहे असं वाटत असेल, तर फोक्सवॅगनचं प्रकरण आठवा. १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जाहीर केलं की या कंपनीच्या डिझेल गाड्या तपासणीच्या वेळी स्वच्छ धूर सोडतात आणि रस्त्यावर आल्या की नायट्रोजन ऑक्साइडचं प्रमाण मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जातं. तपासणी चालू आहे हे ओळखून वागणं बदलणारा प्रोग्राम गाडीच्या इंजिन कंट्रोलरमध्ये होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इथल्या कंपनीने भारतातल्या ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावल्या, आणि त्यामागे पुण्याच्या एआरएआयची तपासणी होती. चाकणला ज्यांचा कारखाना आहे, त्याच कंपनीची ही गोष्ट.

गाड्या फसवतात हे धुराच्या मोजमापावरून कळलं होतं. पण नेमक्या कशा फसवतात, हे प्रोग्राम उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. फेलिक्स डोम्के या जर्मन तंत्रज्ञाने कंट्रोलरमधला प्रोग्राम बाहेर काढून त्याचा छडा लावला आणि डिसेंबर २०१५ मध्ये हॅम्बर्गच्या एका परिषदेत तो सगळ्यांसमोर मांडला. पुढे जर्मनीतलं बोखुम विद्यापीठ आणि अमेरिकेतलं सॅन डिएगोचं विद्यापीठ यांच्या संशोधकांनी डोम्केसह २०१७ मध्ये सविस्तर शोधनिबंध लिहिला. नऊशेहून अधिक फर्मवेअर त्यांनी तपासली.

हे त्यांना कशामुळे जमलं? गाड्यांच्या जगात एटूएल नावाची फाइल असते. कंट्रोलरमधल्या कुठल्या पत्त्यावर कुठलं मूल्य आहे, त्याचं नाव काय, टाइप काय, एकक काय, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. म्हणजे आमच्या डिबगिंग सिंबॉल्सचंच हे भावंड. कंपन्या ती फाइल बाहेर देत नाहीत. पण इंजिनची ताकद वाढवून देणाऱ्या हौशी ट्यूनर मंडळींमध्ये अशा फाइली फिरत होत्या, आणि संशोधकांना त्या तिथून मिळाल्या. लाखो लोकांच्या फुप्फुसांशी संबंधित फसवणूक उलगडायला नावांची यादी लागली, आणि ती ना सरकारकडून आली ना कंपनीकडून. ती मिळाली गाड्या पळवणाऱ्या पोरांच्या संग्रहातून.

या गोष्टीत माझ्या विरोधात जाणाराही एक मुद्दा आहे. तो लपवत नाही. ज्या भागातून ही फसवणूक चालायची, त्याला आतल्या कागदपत्रांत ध्वनीशी संबंधित नाव दिलेलं होतं, जणू तो इंजिनाच्या आवाजासाठीच आहे. म्हणजे नावंही खोटं बोलतात. मान्य. पण खोटं नावसुद्धा पुरावा असतो. धूर बदलणाऱ्या फंक्शनला कुणीतरी आवाजाचं नाव दिलं, हे आज आपल्याला माहीत आहे, कारण ते नाव सापडलं. ते पुसलेलं असतं तर खोटं बोलल्याची खूणही उरली नसती.

ती ओळ मीच लिहिली होती

दिवाळीनंतर पुण्याला परतलो. ऑफिसात पहिल्याच दिवशी आमची बिल्ड स्क्रिप्ट उघडली. स्ट्रिपची ओळ तिथे होती. ती कुणी लिहिली ते हिस्टरीत बघितलं, तर माझंच नाव. नोकरीच्या पहिल्या वर्षी दुसऱ्या कुठल्या प्रोजेक्टमधून ती कॉपी केली होती. का, असं कुणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात तिची फळं मिळाली. एका गिऱ्हाइकाकडे आमचा प्रोग्राम रात्री-बेरात्री क्रॅश व्हायचा. त्यांनी डंप पाठवला. त्यात तेवीस पत्ते होते, नाव एकही नाही. त्या बिल्डची सिंबॉल्स कुणी जपून ठेवलीच नव्हती. त्याच सोर्सवरून पुन्हा बिल्ड केला, तर पत्ते जुळेनात, कारण मधल्या काळात कंपायलर बदलला होता. अकरा दिवस आम्ही चौघं अंदाजाने चाचपडत होतो. आमच्याच हाताने लिहिलेला प्रोग्राम आम्हाला परका झाला होता.

तेव्हापासून स्ट्रिपच्या बाजूने बोलणाऱ्यांशी मी वाद घालतोय. त्यांचे मुद्दे साधारण तीन असतात.

पहिला मुद्दा: फाइल फुगते. खरं आहे, वही मोठी असते. कधी कधी प्रोग्रामपेक्षा कितीतरी पट मोठी. पण वही वेगळी करणं निराळं आणि जाळणं निराळं. विंडोजवर ती आधीपासूनच वेगळी असते. लिनक्सवर एका कमांडने ती वेगळ्या फाइलमध्ये काढता येते, आणि प्रोग्रामला व वहीला एकच बिल्ड-आयडी असल्यामुळे दहा वर्षांनीही त्यांची जोडी लावता येते. २०१९ पासून डीबगइन्फोडी नावाचा सर्व्हर आहे. बिल्ड-आयडी दिला की तो नेमकी वही पाठवतो. फेडोरा, डेबियन, उबुंटू यांनी असे सर्व्हर सगळ्यांसाठी चालवले आहेत. आणि फक्त टाइप हवे असतील तर लिनक्स कर्नलने बीटीएफ नावाची आटोपशीर पद्धत काढली आहे. डीवॉर्फमध्ये शंभर एमबीच्या पुढे जाणारी माहिती, टाइपपुरती ठेवली आणि दुहेरी नोंदी काढल्या, की काही एमबीत मावते. कर्नल ही वही चालू मशीनवर सोबत बाळगतो. जागेचं कारण आता जुनं झालं.

दुसरा मुद्दा: सुरक्षा. नावं दिली की हल्लेखोराचं काम सोपं होतं म्हणतात. थोडं होतं, हे मी नाकारत नाही. पण ज्याला हल्ला करायचाय त्याच्याकडे वेळ असतो, पैसा असतो, आणि घिद्रा तर फुकट आहे. तो नावांशिवायही महिनाभर बसून वाचेल. ज्याच्याकडे तीनच संध्याकाळी आहेत, तो मात्र अडतो. शिवाय मायक्रोसॉफ्ट विंडोजची सार्वजनिक सिंबॉल्स कित्येक वर्षं इंटरनेटवर उघडी ठेवते. कर्नलच्या पीडीबीत प्रोसेससारख्या मूळ टाइपची रचनाही त्यात घरांसकट दिसते. गो भाषेतल्या प्रोग्राममधून स्ट्रिप करूनही टाइपची नावं जात नाहीत, कारण ती चालू प्रोग्रामला लागतात. डॉकर आणि कुबरनेटीस गोमध्ये लिहिलेले आहेत आणि जगभरच्या सर्व्हरवर चालतात. टाइपची नावं दिसतात म्हणून ते कुणी बंद केले नाहीत. नाव लपवल्यावरच जे सुरक्षित राहतं, ते मुळातच सुरक्षित नव्हतं.

तिसरा मुद्दा: धंद्याचं गुपित. हा सगळ्यांत प्रामाणिक मुद्दा आहे, आणि काही ठिकाणी तो रास्तही आहे. सिंबॉल्समध्ये कधी गिऱ्हाइकांची नावं असतात, कधी न आलेल्या प्रॉडक्टची, कधी प्रोग्रामरच्या कॉम्प्युटरवरचे मार्ग. ते झाकायला माझी हरकत नाही. गेममध्ये चीटिंग रोखायला कुणी नावं झाकत असेल, तर त्याच्याशीही मी भांडणार नाही. पण दुधाचा दर काढण्यात गुपित कुठलं? दरपत्रक तर भिंतीवर लावलेलं असतं. वीजबिल, पगारातली कपात, कर्जावरचं व्याज, रिक्षाचं मीटर, परीक्षेचे गुण, यांचे नियम छापील आणि सार्वजनिक असतात. मग ते नियम राबवणाऱ्या प्रोग्राममधलं 'दरपत्रक' हे नाव कुणापासून लपवायचं? असा प्रश्न विचारला की बहुतेक वेळा कळतं, गुपित कुणीच जपत नव्हतं. जुन्या स्क्रिप्टमधली एक ओळ तेवढी तशीच राहिली होती.

मागणी काय आहे

सगळ्यांनी सोर्स कोड उघडा करावा असं माझं म्हणणं नाही. ती वेगळी आणि मोठी लढाई आहे. माझी मागणी त्याहून पुष्कळ लहान आहे, आणि म्हणूनच ती टाळायला निमित्त कमी आहे.

एक: गिऱ्हाइकाकडे गेलेल्या प्रत्येक बिल्डची सिंबॉल्स जपून ठेवा. हे कुणाच्या परवानगीशिवाय, आज दुपारी करता येतं. कंपनीने नाही सांगितलं तरी करा.

दोन: जो प्रोग्राम लोकांचे पैसे, गुण किंवा औषधाचं माप ठरवतो, तो विकत घेणाऱ्याच्या हाती त्याची वही द्या. संस्था असो, नगरपालिका असो की हॉस्पिटल, करारात एक ओळ घाला: प्रोग्रामसोबत त्याच बिल्डची सिंबॉल फाइल. गुपिताची भीती असेल तर निदान टाइपची नावं आणि रचना तरी. खरेदीच्या करारात वॉरंटी असते, सर्व्हिसिंग असतं, तसंच हेही.

तीन: टाइपला नाव देताना गावचा शब्द सुचला तर तोच द्या. सीदरपत्रक हे नाव बघून पुण्यातला एखादा सीनियर हसला असता. पण सुट्टीत घरी आलेल्या परक्या माणसाला ते क्षणात कळलं, आणि त्याच्या आईलाही.

कायद्याने हात बांधलेत म्हणून गप्प बसावं लागतं, असंही नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात, कायदेशीर ताब्यात असलेला प्रोग्राम कसा चालतो त्याचं निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करण्याला उल्लंघनातून सूट आहे. युरोपच्या न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०२१ ला टॉप सिस्टम विरुद्ध बेल्जियम या खटल्यात ठरवलं की प्रोग्राम रीतसर घेतलेल्याला, त्यातली चूक दुरुस्त करण्यासाठी, काही मर्यादांमध्ये तो डिकंपाइल करता येतो. दार थोडं उघडं आहे. पण दारातून आत गेल्यावर प्रत्येक भांड्यावरचं नाव खरवडलेलं असेल, तर आत जाऊन करायचं काय?

पुढे काय झालं

मी सचिवांना सगळं दाखवलं. कागदावर ४.१ चा गुणाकार करून दाखवला, चिठ्ठ्या दाखवल्या, कुठली जागा बदलायची तेही दाखवलं. त्यांना पटलं. मग ते म्हणाले, "तू बदललंस आणि उद्या दुसरं काही बिघडलं, तर मी कुणाचं नाव सांगू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्यांचं बरोबर होतं. कमिटीची मीटिंग झाली. नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं आणि चारेक महिन्यांत ते आलंही. आता ४.१ ला ४.१ चाच दर लागतो. मागचे पैसे कुणालाच मिळाले नाहीत. चूक पहिल्या दिवसापासून होती की मधल्या एखाद्या 'फायनल टू'मध्ये शिरली, हे सिद्ध करायला जुन्या आवृत्त्यांच्या वह्या लागल्या असत्या. त्या डी ड्राइव्हवर होत्या. तारेवरच्या जुन्या चिठ्ठ्या तर केव्हाच चुलीत गेल्या होत्या.

नवं सॉफ्टवेअर बसवायला एक तरुण पोरगा आला होता. वयाने माझ्याच बरोबरीचा, बोलायला चुणचुणीत. मी सचिवांना फोन करून एक प्रश्न पाठ करून घेतला होता. त्यांनी तो जसाच्या तसा विचारला: "ह्याची सिंबॉल फाइल देणार का?"

तो पोरगा म्हणाला, "कसली फाइल, साहेब?"

आईने यंदा जुनी माळ चुलीत घातली नाही. पत्र्याच्या डब्यात भरून माळ्यावर ठेवली आहे.